माशीमामांचा सापळा

नोकरी सुटलेला माणूस घरी बसून माश्या मारतो, असं म्हणतात. माशीमामांना तेवढंही जमत नव्हतं, कारण तेहेतीस वर्षं त्यांनी माश्या पाळल्या होत्या.

एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. पिकल्या केळ्याभोवती घोंघावतात ती बारीक चिलटं काचेच्या बाटल्यांत वाढवायची आणि विद्यार्थ्यांना मोजायला द्यायची, हे त्यांचं काम. कुणाचे डोळे लाल, कुणाचे पांढरे, कुणाचे पंख आखूड. मुलं ती मोजत, वहीत लिहीत आणि आजोबांचं नातवात काय उतरतं ते शिकत. माशीमामा हे नाव मुलांनीच पाडलं आणि ते असं चिकटलं की पगाराच्या कागदावरचं खरं नाव बघून मामांना दर महिन्याला क्षणभर वाटे, हा कोण बुवा?

निवृत्त झाल्यावर ते लेकीकडे आले. "महिनाभर राहून तर बघा," लेक म्हणाली होती. कोणी कोणाला बघायचं, ते तिनं सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. त्यांच्या जुन्या भाड्याच्या खोलीची किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती. खोली सोडणार की ठेवणार, ते महिनाअखेर मालकाला सांगायचं होतं. मामांना लेकीकडेच राहायचं होतं. पण हे तोंडानं म्हणायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, आणि 'राहा' हा दोन अक्षरी शब्द लेकीच्या तोंडून निघत नव्हता.

त्याला कारण होतं, आणि ते चौदा वर्षांचं होतं. मामांची बायको गेली त्या दुपारी, घर माणसांनी भरलेलं असताना, मामा कुणाला न सांगता दीड तास नाहीसे झाले होते. लेक तेव्हा सतरा वर्षांची. जो तो तिलाच विचारत होता, बाबा कुठे आहेत? तिला माहीत नव्हतं. मामा परत आले तेव्हा त्यांच्या हाताला मक्याच्या पिठाचा नि खमिराचा आंबूस वास येत होता. तिनं तो माश्यांच्या खाऊचा वास ओळखला, तोंड फिरवलं, आणि तेव्हापासून त्या दुपारविषयी बापलेकीत चकार शब्द निघाला नव्हता.

आता लेक घरच्या स्वयंपाकघरात पाव भाजून विकत होती. विकतचं यीस्ट घालून फुगवलेले नव्हेत, तर पीठ-पाणी आंबवून जिवंत ठेवलेल्या खमिराचे पाव. ते खमीर एका मोठ्या बरणीत राही आणि त्याला रोज सकाळी मूठभर पीठ खायला घालावं लागे. जिच्याकडे लेक हे काम शिकली तिनं चार वर्षांपूर्वी ते दिलं होतं, तिला तिच्या गुरूनं दिलं होतं. एवढ्या वयाचं म्हणून घरात त्याला 'म्हातारी' म्हणत. पहिल्याच सकाळी जावई लेकीला ओरडून म्हणाला होता, "अगं, म्हातारीला जेवायला घातलंस का?" आणि मामा घाईनं शर्टाची बटणं लावत बाहेर आले होते, घरात आणखी कोण वडीलधारं आहे म्हणून.

असं सगळं बरं चाललेलं असताना स्वयंपाकघरात चिलटं झाली.

आधी चार-दोन. मग आठवडाभरात इतकी, की चहाचा कप झाकून प्यायची वेळ आली. आणि वेळ तरी कोणती! एका मोठ्या कचेरीच्या कँटीनची मॅनेजरीणबाई शुक्रवारी सकाळी अकरा वाजता स्वयंपाकघर बघायला येणार होती. तिला पसंत पडलं तर रोजचे तीस पाव. लेकीनं दोन वर्षं ज्याची वाट पाहिली ते काम दारात आलं होतं, आणि दारात चिलटंही होती.

"कुठं माशी शिंकली, काही कळत नाही," लेक म्हणाली.

"शिंकली कुठली, तिनं पोरंबाळं घातलीत," जावई म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि त्याची जीभ त्याच्या लिफ्टपेक्षा जोरात चाले. त्यानं हवेत दोन टाळ्या वाजवल्या, तळवे उघडून बघितले आणि रिकाम्या हातांनी कामावर गेला.

मंगळवारी लेकीनं पदर खोचला. केळी फ्रिजमध्ये गेली. कचऱ्याचा डबा गॅलरीत गेला. सिंकच्या जाळीत खायचा सोडा टाकून वर उकळतं पाणी ओतलं. फळ्या व्हिनेगरनं पुसल्या. एका वाटीत व्हिनेगर घेऊन तिला प्लास्टिकचा पातळ कागद ताणून बांधला आणि काट्यानं त्याला भोकं पाडली. चिलटं त्या भोकांतून आत गेली, व्हिनेगरच्या पृष्ठभागावर निवांत उभी राहिली, घोट घोट प्यायली आणि आल्या वाटेनं बाहेर आली.

मामा दारात उभे राहून हे बघत होते. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच या घरात असं काही घडत होतं ज्यातलं त्यांना कळत होतं.

"भोकं मोठी झाली," ते हळूच म्हणाले. "आणि नुसतं व्हिनेगर नको. मी करून बघू?"

लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं. "बघा," ती म्हणाली.

मग मामांचे हात चालू लागले. काळं पडलेलं केळं त्यांनी काट्यानं ठेचलं, त्यात चिमूटभर साखर आणि चिमूटभर यीस्ट टाकलं, कोमट पाण्याची बाटली बाहेरून धरून उबेचा अंदाज घेतला, सगळं एका उंच बरणीत ओतलं. जाड कागदाचं नरसाळं वळून ते बरणीच्या तोंडात असं बसवलं की खालच्या टोकाला फक्त काडीपेटीची काडी जाईल. लेक पीठ मळता मळता थांबून बघत राहिली. बापाला काम करताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"वस्ताद आहात की," ती म्हणाली. मामांचे कान लाल झाले. त्या एका वाक्यावर त्यांनी दुपारचं जेवण दोन घास जास्त घेतलं.

बुधवारी सकाळी बरणी भरलेली होती. शंभरएक चिलटं आत होती, आणि एकही मेलं नव्हतं. बरणीच्या मधोमध कागदाची एक घडी घातलेली पट्टी उभी होती आणि तिच्यावर सगळी मंडळी रांगेनं बसून पंख साफ करत होती.

"हे काय आहे?" लेकीनं पट्टीकडे बोट दाखवलं.

मामांनी बघितलं आणि जीभ चावली. ती पट्टी त्यांनीच घातली होती. कधी घातली, ते त्यांना आठवत नव्हतं. प्रयोगशाळेत खाऊ ओतला की बाटलीत कागदाची पट्टी घालायचीच, नाहीतर माश्या ओल्या खाऊत चिकटून मरतात. तेहेतीस वर्षं जे हातांनी केलं ते हातांनी डोक्याला न विचारता इथंही केलं होतं.

"मरू नयेत म्हणून घालतात ती," ते खालमानेनं म्हणाले.

लेक खो खो हसत सुटली. पिठाचे हात पोटावर धरून हसली. "अहो बाबा, हा सापळा आहे की धर्मशाळा? अंथरूण-पांघरूण तेवढं द्यायचं राहिलं!"

जावयाला ही बातमी फोनवर कळवण्यात आली. त्यानं तिकडूनच विचारलं, "मामा, पाहुण्यांचा मुक्काम किती दिवस?" मामाही हसले. लेक त्यांच्यासमोर अशी शेवटची हसली त्याला किती वर्षं झाली, याचा हिशोब ते मनात करत होते.

त्यांनी पट्टी काढली, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला. साबणानं पाण्याची पकड सुटते, मग पृष्ठभागावर उभं राहता येत नाही. एवढासा थेंब, पण उपाय तोच होता. दुपारपर्यंत बरणीच्या तळाशी काळी रेघ जमली. लेकीनं बरणी त्यांच्या हातात दिली आणि ती पाव पोचवायला गेली.

मामांनी बरणी खिडकीशी नेली. सवयच ती. खिशातून भिंग काढलं आणि बशीत ओतलेली मेलेली चिलटं चमच्याच्या टोकानं एकेक बाजूला सारू लागले. लाल डोळे. लाल. लाल. लाल. आणि मग एक पांढऱ्या डोळ्यांचं.

मामांनी भिंग पुसून पुन्हा बघितलं.

पांढऱ्या डोळ्यांचं चिलट कुठल्याही स्वयंपाकघरात आपणहून येत नाही. आंधळ्यासारखंच असतं ते, उघड्यावर त्याचा टिकाव लागत नाही. ते येतं बाटलीतून. आणि या घरात तशा दोन बाटल्या होत्या, मामांच्या खोलीत, कपाटावर, दाढीच्या सामानाच्या डब्यामागे.

कॉलेजनं माश्या बंद केल्या होत्या. आता मुलं पडद्यावरच्या माश्या मोजणार होती. "सगळ्या बाटल्या उकळत्या पाण्यात टाका, मामा," असं शेवटच्या आठवड्यात सांगण्यात आलं. त्यांनी टाकल्या. अकरा जाती टाकल्या. बाराव्या जातीशी हात थांबला. नोकरीच्या पहिल्या दिवशी मोठ्या सरांनी ती बाटली त्यांच्या हातात दिली होती आणि म्हटलं होतं, "दर चौदा दिवसांनी नव्या बाटलीत घालायची. एक पाळी चुकली की वंश बुडाला." मामांची एकही पाळी चुकली नव्हती. साडेआठशे वेळा त्यांनी तो वंश एका बाटलीतून दुसऱ्या बाटलीत नेला होता. मग त्या दोन बाटल्या त्यांनी मोज्यांत गुंडाळून पिशवीत घातल्या. लेकीच्या घरी आल्यावर दोनदा पाळी झाली होती. बाटली बदलताना पाच-दहा निसटतातच. प्रयोगशाळेत ती निसटलेली कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं. लाल डोळ्यांची असतील केळ्यांवरची, पण त्यांच्यात मिसळून वाढत होती ती मामांचीच. सापळा लावणारा हात आणि चिलटं सोडणारा हात एकच होता.

त्यांनी बशी नळाखाली धरली, घाईघाईनं धुतली आणि कुणी पाहिलं तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितलं. सांगावं, तर लेक म्हणणार, इथंही तुम्ही त्याच आणल्यात. न सांगावं, तर तिच्या हातचं काम जाणार. धरलं तर चावतं आणि सोडलं तर पळतं. मामांनी त्या दिवशी काहीच केलं नाही. वाईट वाटतं सांगायला, पण नाही केलं.

गुरुवारी सकाळी ओट्यावर पुन्हा चिलटं होती. कमी, पण होती. आणि त्यातली बरीचशी घोंघावत होती ती म्हातारीच्या बरणीभोवती, फडक्याच्या झाकणावर.

लेक बराच वेळ बघत उभी राहिली. तिचे डोळे रात्रभर झोप न लागल्यासारखे दिसत होते.

"हिच्यामुळेच आहे हे सगळं," ती म्हणाली. "आंबूस वास हिचाच. बाकी सगळं मी धुतलं, पुसलं, फेकलं. ही एकच राहिली." तिनं बरणी उचलली आणि सिंककडे वळली. "टाकून देते. त्या बाईंना फोन करून सांगते, येऊ नका."

"अगं, पण पाव?"

"पाव नाही तर नाही. उद्या तिच्यासमोर झाकणावर चिलटं बसलेली दिसली तर गावभर होईल. आहेत ती चार गिऱ्हाइकंही जातील."

तिनं फडकं सोडलं. बरणी कलली. आतलं पांढरं, बुडबुड्यांनी भरलेलं पीठ संथपणे काठाकडे सरकू लागलं. चार वर्षं रोज सकाळी खाऊ घातलेलं, त्याआधी दुसऱ्या कुणी, त्याआधी तिसऱ्या कुणी. मामांना एकदम मोठ्या सरांचा आवाज आठवला.

त्यांनी पुढे होऊन बरणीवर हात ठेवला. "तिला नको टाकूस. तिचा काही दोष नाही. माझा आहे."

"म्हणजे?"

"चल," मामा म्हणाले, "दाखवतो."

खोलीत त्यांनी स्टुलावर चढून दाढीचा डबा बाजूला केला आणि दोन बाटल्या खाली काढून लेकीच्या हातात दिल्या. तोंडाला कापसाचे बोळे, आत कागदाची घडी घातलेली पट्टी, पट्टीवर चिलटं. लेकीनं एक बाटली उजेडात धरली. बारीक पांढऱ्या डोळ्यांचे ठिपके इकडून तिकडे फिरत होते. बाटलीवर मामांच्या रेखीव अक्षरात तारीख लिहिलेली होती.

जावई असता तर यावर काहीतरी बोलला असता. बरं झालं, तो कामावर होता.

"त्या दिवशी," लेक म्हणाली. चौदा वर्षांत पहिल्यांदाच म्हणाली. "आई गेली त्या दिवशी. यांच्याकडेच गेला होतात ना?"

"हो."

"का?"

"पाळी होती. आदल्या दिवशीची. दवाखान्यात होतो म्हणून राहिली होती. आणखी एक दिवस गेला असता तर..."

"माश्या मेल्या असत्या."

"हो."

"आणि मी? मी एकटी बसले होते त्या सगळ्यांत. मला विचारत होते सगळे, बाबा कुठे, बाबा कुठे. मला वाटलं, तुम्हीही गेलात." तिनं बाटली पुढे केली. "माश्यांसाठी, बाबा?"

मामा पलंगाच्या कडेला बसले. काहीतरी सारवासारव करता आली असती. त्यांनी केली नाही.

"तिथं काय करायचं ते मला माहीत होतं," ते म्हणाले. "जुनी बाटली उलटी करायची, नवी तिच्या तोंडाला लावायची, टिचकी मारायची. घरी काय करायचं ते मला माहीत नव्हतं. तू रडत होतीस. तुझ्याजवळ येऊन काय बोलायचं, हात कुठं ठेवायचा, काही कळत नव्हतं. ते सगळं तुझ्या आईला यायचं. म्हणून पळालो मी. चुकलं माझं, पोरी. फार चुकलं."

लेक त्यांच्या शेजारी बसली आणि रडली. या वेळी मामांनी हात उचलला, कुठं ठेवायचा ते अजूनही नीट कळत नव्हतं, म्हणून तिच्या डोक्यावर ठेवला. तो त्यांनी बराच वेळ काढला नाही.

नंतर मामांनी तिच्याकडून दोन प्लास्टिकच्या पिशव्या मागून घेतल्या. दोन्ही बाटल्या पिशवीत घालून गच्च गाठ मारली, वर दुसरी पिशवी चढवली.

"उकळतं पाणी ठेवू?" लेकीनं विचारलं.

"नको. फ्रीझरमध्ये जागा कर. थंडीत आधी झोपतात. मग कळत नाही त्यांना."

ती म्हणाली, "एक ठेवायची तर... बाहेर, गॅलरीत कुठे..."

"नको," मामा म्हणाले. "झालं माझं." आणि बर्फाच्या साच्यांशेजारी त्यांनी पिशवी स्वतःच्या हातानं ठेवली. दार लावल्यावर ते दाराला हात लावून थोडा वेळ उभे राहिले. त्यांचा चष्मा धुरकटला होता. लेकीनं न बघितल्यासारखं केलं.

मग दोघं कामाला लागले. खोली धुतली, कपाट पुसलं. ओट्यावर, खिडकीत आणि खोलीत मिळून सहा सापळे लावले, केळं, साखर, यीस्ट, कागदी नरसाळं, साबणाचा थेंब. प्रत्येक बरणी लेकीनं उचलून तपासली, आत पट्टी नाही ना म्हणून. म्हातारीला घट्ट विणीच्या कापडाचं झाकण दोऱ्यानं बांधलं. संध्याकाळी जावयानं बर्फासाठी फ्रीझर उघडला आणि विचारलं, "मामा, आइस्क्रीम आणलंत?" तेव्हा बापलेकीनं एकमेकांकडे पाहिलं, आणि दोघंही एका वेळी म्हणाले, "हात लावू नका!"

शुक्रवारी अकराला मॅनेजरीणबाई आल्या. ओटा बघितला, फळ्यांवरून बोट फिरवलं, पावाचा तुकडा तोंडात टाकून डोळे मिटले. आणि नेमकं त्याच वेळी एक चुकार चिलट कुठूनसं आलं आणि त्यांच्या चष्म्याच्या काचेवर बसलं. लेकीचा चेहरा उतरला. मामांना इतक्या लांबून डोळ्यांचा रंग दिसत नव्हता, पण त्यांनी बघायचा प्रयत्न केला हे मात्र खरं.

बाईंनी चष्मा काढून फुंकर मारली. "तुमच्याकडे एकच आहे?" त्या म्हणाल्या. "आमच्या कँटीनमध्ये ढग आहेत हो, ढग. खिडकीत त्या बरण्या कसल्या लावल्यात? चालतो का हा उपाय?"

"बाबांचा आहे," लेक म्हणाली. "त्यांना विचारा. त्यांच्याएवढं यातलं कुणाला कळत नाही."

मामांनी घसा खाकरून साबणाच्या थेंबाचं मर्म सांगितलं. बाईंनी ते पाठच केलं आणि जाताना सोमवारपासून तीस पाव पाठवायला सांगून गेल्या.

दार लागल्यावर लेक ओट्याला टेकून उभी राहिली. म्हणाली, "खोलीच्या मालकाला फोन केलात?"

"नाही अजून."

"करा. सोडली म्हणून सांगा." मग तिनं म्हातारीची बरणी दोन्ही हातांनी उचलली आणि त्यांच्यासमोर ठेवली. "आता मला पहाटेपासून भट्टीशी उभं राहावं लागणार. हिच्याकडे तुम्ही बघा. रोज सकाळी सात वाजता मूठभर पीठ, तेवढंच पाणी. माझ्या हातून दोनदा पाळी चुकली, मरता मरता वाचली आहे. तुमच्या हातून नाही चुकायची."

"नाही चुकायची," मामा म्हणाले.

"माहीत आहे मला," लेक म्हणाली. ती हसत होती, पण तिचे डोळे हसत नव्हते. "घरात काहीही झालं तरी नाही चुकायची."

मामांनी बरणी जवळ ओढली. झाकणाचा दोरा तपासला, बाहेरून हात लावून ऊब बघितली. मग मान वर करून लेकीकडे बघितलं.

"तू हाक मारलीस तर चुकेल," ते म्हणाले. "मेली तर मेली."

लेकीनं मान हलवली, नाक पुसलं आणि पिठाचा डबा काढून त्यांच्या हाताशी ठेवला.